चव्वेचाळीस तासांची चाल

सांगलीतल्या त्या सभागृहात डाव संपला, की जेवणानंतर हात धुवायला जावं तितक्या सहजपणे खेळाडू खिडकीपाशी जाऊन उभे राहत. खिडकीच्या आत ‘पारख’ असे. पारख म्हणजे राज्य बुद्धिबळ मंडळाचं तपासणी-यंत्र. तुम्ही खेळलेली प्रत्येक चाल ते स्वतःच्या चालीशी ताडून बघे आणि अर्ध्या तासात एक चिठ्ठी बाहेर टाकी. चिठ्ठीवर एकच आकडा असायचा, मेळ. शंभरातल्या किती चाली यंत्राशी जुळल्या, एवढंच तो सांगे. पन्नास-साठ आला तर माणूस चांगला खेळला. पंच्याऐंशीच्या वर गेला तर माणूस खेळलाच नव्हता. त्याच्या बुटात, कानात नाहीतर दातात लपवलेलं एखादं यंत्र त्याच्या वतीनं खेळलं होतं. चार वर्षांत लोकांना या चिठ्ठीची इतकी सवय झाली होती, की जिंकलास का हे विचारायच्या आधी ते मेळ किती आला हे विचारत.

शैलजा तेरदाळेला या खिडकीची कधी भीती वाटली नव्हती. तिचा मेळ अडतीस-चाळीसच्या वर जातच नसे. चोपन्न वर्षांची ही बाई एसटीच्या मिरज आगारात वाहतूक नियंत्रक होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लावायची, कंडक्टर आला नाही तर कुणाला पाठवायचं, हे आठ तास करायचं आणि रजा साठवून स्पर्धा खेळायच्या, असं तिचं छत्तीस वर्षं चाललं होतं. तिचा खेळ बघायला गर्दी व्हायची, कारण ती मोहरी उधळून टाकायची. उंट दे, हत्ती दे, आणि मग समोरच्याला हळूहळू आवळत आण. पण घरी जाऊन कुणीही तो डाव संगणकावर घातला, की तिच्या चालींपुढे लाल प्रश्नचिन्हं उमटत. घोडचूक. घोडचूक. पुन्हा घोडचूक. “तेरदाळेबाई समोरच्याला घाबरवून जिंकतात,” असं सगळे म्हणत. ती हसून सोडून देई.

त्या रविवारी मात्र ती राज्य अजिंक्यपद स्पर्धेची शेवटची फेरी जिंकली होती. समोर पुण्याचा बावीस वर्षांचा ग्रँडमास्टर होता. तेविसाव्या चालीला तिनं अकरा मिनिटं विचार केला, आपला हत्ती देऊन त्याचा घोडा घेतला, आणि त्यानंतर त्या मुलाची उरलेली मोहरी एकमेकांच्या पायात अडकत गेली. चौतिसाव्या चालीला हार मानून त्यानं हात पुढे केला. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा ती राज्याची विजेती झाली होती.

चिठ्ठी बाहेर आली. तिच्यावर एक्क्याण्णव लिहिलं होतं.

तिला वाटलं, एकोणीस उलटं वाचलं आपण. तिनं चष्मा पुसला. खिडकीवरचा दिवा लाल झाला होता आणि मागं उभे असलेले लोक दोन पावलं सरकले होते.

“शैलाताई, जरा आत या,” मुख्य पंच दिगंबर नाईकवडी तिच्या कानाशी म्हणाले. ते तिला पंचवीस वर्षं ओळखत होते. एकेकाळी तिच्याकडून हरलेही होते.

आतल्या खोलीत एका महिला पंचानं तिची तपासणी केली. कान बघितले, केस बघितले, चपला कापून बघितल्या. दातांवरून एक सपाट पट्टी फिरवली. काही सापडलं नाही.

“झालं की मग,” शैलजा म्हणाली. “नवीन चपला तेवढ्या द्या.”

नाईकवडी हसले नाहीत. “सापडलं नाही म्हणजे नव्हतं असं मंडळ धरत नाही, ताई. आणि तुमचा आकडा साधा नाही. आजपासून पारखला प्रकाशचिप बसवलीय. विजेऐवजी उजेडावर चालते. आधीच्या यंत्राच्या चार हजार पट वेगानं. आज बाकी सगळ्यांचे आकडे खाली आलेत. त्या ग्रँडमास्टरचासुद्धा. एकट्या तुमचाच चाळीसवरून एक्क्याण्णववर गेलाय. म्हणजे लोक काय म्हणणार? या बाईकडे जे यंत्र होतं ते आपल्या जुन्या यंत्रापेक्षाही वेगवान होतं.”

“आणि तुम्ही काय म्हणताय?”

त्यांनी टेबलावरचा एक छापील अर्ज तिच्याकडे सरकवला. “‘अनवधानानं एक साधन जवळ राहिलं’ एवढं लिहून द्या. सहा महिन्यांची बंदी. नाव कुठं छापून येणार नाही. नाहीतर चौकशी लागेल. फसवणूक सिद्ध झाली तर जन्माची बंदी, आणि मंडळ तुमच्या खात्याला पत्र पाठवणार. चार वर्षं राहिलीत तुमच्या निवृत्तीला.”

“जे साधन नव्हतंच, ते अनवधानानं जवळ राहील कसं?”

“ताई, हट्ट करू नका.”

“हट्ट नाही, नाईकवडी. विचारतेय. चोरी केली नाही तर कबुली कशाची देऊ?” तिनं तो अर्ज परत त्यांच्याकडे सरकवला. “लावा चौकशी.”

आणि कापलेल्या चपला हातात घेऊन ती अनवाणी बाहेर पडली. सभागृहाच्या पायऱ्या उन्हानं तापल्या होत्या. कुणी टाळी वाजवली नाही.

* * *

आगारात बातमी तिच्या आधी पोहोचली होती. ड्रायव्हर लोकांपैकी तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण दुसऱ्या दिवशी तिच्या केबिनच्या काचेवर कुणीतरी बोटानं ‘९१’ लिहून ठेवलं होतं. धुळीतला तो आकडा तिनं पुसला नाही. असू दे म्हणाली. आगार व्यवस्थापकांनी बोलावून घेतलं आणि आवाज मऊ करून सांगितलं, “बाई, मिटवून टाका. खेळ तो खेळच.” त्यांना तिनं विचारलं, “साहेब, तुमच्या मुलाला कुणी कॉपी केली म्हटलं असतं, तर तुम्ही मिटवून टाकलं असतं?”

चौथ्या दिवशी दुपारी एक तिशीची मुलगी केबिनच्या दारात येऊन उभी राहिली.

“मी सनोबर मुजावर. इथलीच आहे, मिरजेची. पारखमध्ये प्रकाशचिप मी बसवली.”

शैलजानं तिच्याकडे वर-खाली बघितलं. “मग अजून काय कापायचं राहिलंय?”

“काही नाही. मला एकच विचारायचंय. तेविसावी चाल तुम्हाला सुचली कशी?”

शैलजा काही बोलणार एवढ्यात बाहेर हॉर्नचा गदारोळ उठला. जतची गाडी गिअर अडकून बरोबर फलाटांच्या तोंडाशी आडवी थांबली होती. मागं सात गाड्या तुंबल्या होत्या. मेकॅनिक वर्कशॉपमध्ये दुसऱ्या कामात होता. अर्धा तास तरी लागणार होता. शैलजा केबिनच्या बाहेर आली, दोन क्षण उभी राहिली आणि माइक हातात घेऊन म्हणाली, “तासगावची गाडी रिकामी करा.”

तासगावची गाडी भरलेली होती आणि दोन मिनिटांत सुटणार होती. कोंडीत न अडकलेली तीच एकटी होती. प्रवाशांनी आरडाओरडा केला, एका आजोबांनी तर शिव्याच घातल्या. शैलजानं सगळं ऐकून घेतलं. रिकाम्या झालेल्या गाडीला साखळदंड लावून जतची गाडी ओढून कडेला घेतली आणि नऊ मिनिटांत सातही गाड्या मार्गाला लागल्या. तासगावची फेरी मात्र बुडाली.

सनोबर हे सगळं बघत उभी होती. “किती मिनिटं वाचतील ते तुम्ही मोजलंत का?”

“मोजायला वेळ कुठं होता? कोंडी कुठं आहे ते दिसत होतं.” शैलजा खुर्चीत बसली, पाण्याचा घोट घेतला. “त्या पोराचा घोडा असाच होता. त्याची बाकीची सगळी मोहरी चांगली होती, पण त्यांना बाहेर काढणारा तो एकच. तो गेला की मागचे सगळे फलाटावरच. मग हत्ती गेला तर गेला.”

“पुढच्या किती चाली बघितल्यात?”

“चार. फार तर पाच. त्याच्यापुढं धुकं होतं. पण धुक्यात तोच अडकणार, मी नाही, एवढं कळत होतं.”

सनोबरनं खुर्ची ओढली. मग तिनं आपल्या परीनं सगळं सांगितलं. बुद्धिबळाचं यंत्र हुशार नसतं, ते उतावळं आणि कष्टाळू असतं. प्रत्येक चालीनंतर काय, त्याच्यानंतर काय, असं फांद्याफांद्यांनी बघत जातं. निरुपयोगी फांद्या छाटल्या तरी आणखी एक पाऊल पुढचं बघायचं तर त्याला जवळजवळ दुप्पट काम पडतं. म्हणून यंत्राचा वेग दुप्पट झाला की त्याची नजर एका पावलानं लांबते. चार हजार पट म्हणजे बारा वेळा दुप्पट.

“म्हणजे बारा पावलं,” शैलजा म्हणाली.

“बरोबर. आणि गंमत म्हणजे त्यानं ताकद फारशी वाढत नाही. पहिल्या दुपटीला यंत्र मानांकनाच्या साठ-सत्तर गुणांनी सुधारतं, मग चाळीस, मग वीस. बाराव्या दुपटीला पाच-सहा गुण मिळाले तरी खूप. पहिल्या भाकरीनं जेवढी भूक भागते तेवढी पाचवीनं भागत नाही, तसं. मला वाटलं होतं, इतकं करून यंत्र जुन्याच चाली जरा जास्त खात्रीनं सांगेल. पण त्या शेवटच्या पावलांमध्ये त्यानं मतंच बदलली. तुमची तेविसावी चाल जुन्या यंत्राला घोडचूक वाटते. प्रकाशचिपला पहिली एकोणचाळीस सेकंद घोडचूक वाटते आणि चाळिसाव्या सेकंदाला ती सर्वांत चांगली चाल ठरते.”

“चाळीस सेकंद काही फार नाहीत.”

“तिच्यासाठी नाहीत. जुन्या यंत्राला तेवढंच बघायला चव्वेचाळीस तास लागले असते. तुमच्यावरचा आरोप तेवढाच आहे, मावशी. चव्वेचाळीस तासांची चाल तुम्ही अकरा मिनिटांत खेळलात.”

शैलजानं माइकवर इचलकरंजीची गाडी पुकारली. मग म्हणाली, “मी ती छत्तीस वर्षं खेळत आलेय. तुझ्या यंत्राला उशीर झाला त्याला मी काय करू?”

सनोबर उठता उठता थांबली. “छत्तीस वर्षं? ते डाव कुठं आहेत?”

* * *

ते डाव मंडळाकडेच होते. प्रत्येक स्पर्धेत दोन्ही खेळाडूंनी लिहिलेले कागद जमा होत आणि त्यांची छायाचित्रं संग्रहात पडून राहत. कुणी ती उघडून बघत नसे. सनोबरनं रीतसर परवानगी मागितली. ती मिळाली, कारण देणाऱ्याला वाटलं, बाईविरुद्ध आणखी पुरावा सापडेल. वाचता येतील असे एकसष्ट डाव निघाले. सगळ्यात जुना शैलजा एकोणीस वर्षांची असतानाचा, तेव्हा प्रकाशचिप कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

सुनावणीच्या आधीच्या रविवारी सकाळी सनोबर शैलजाच्या घरी आली. शैलजा एकटीच राहत असे. नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. तिनं पोहे पुढं ठेवले. सनोबरनं ताटली बाजूला सारून एक आलेख पसरला.

“या एकसष्ट डावांत जुन्या यंत्रानं तुमच्या दोनशे चौदा चालींना चुका ठरवलं होतं. प्रकाशचिप त्यातल्या एकशे एकोणचाळीस बरोबर मानते. वेग जसजसा दुप्पट होत जातो, तसतसा तुमचा मेळ चढत जातो. बघा, ही रेघ. पस्तीस वर्षांपूर्वीच्या डावातसुद्धा हीच रेघ येते. तेव्हा तुम्ही कुठून आणणार होतात यंत्र? मावशी, तुम्ही सुटलात!”

शैलजानं त्या रेघेवरून बोट फिरवलं. एकशे एकोणचाळीस. प्रत्येकीपाठी एखादा चेहरा होता, हसणारा. एकदा साताऱ्याला बक्षीस समारंभात तिची चाल पडद्यावर दाखवून दोनशे माणसांना हसवलं होतं. ती चालही यात असणार. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचा तिला रागही आला.

“आणि उरलेल्या पंचाहत्तर?”

“त्या अजून चुकाच आहेत.”

“अजून?”

सनोबरनं मान खाली घातली. “खरं सांगू? एक गोष्ट मी अहवालात लिहिलेली नाही. तेविसाव्या चालीवर मी यंत्र तसंच चालू ठेवलं. सहा तासांनी त्याचं मत पुन्हा फिरलं. हत्ती द्यायला नको होता म्हणालं. आणखी चार हजार पट वेगवान चिप आली तर काय म्हणेल, मला माहीत नाही.”

“लिहिलं का नाहीस?”

“तुमची केस बिघडेल म्हणून.”

“लिही,” शैलजा म्हणाली. “आणि मला सांग, या लाल दिव्यात माझ्यासारखे किती जण आहेत?”

चार वर्षांत तेवीस जण होते. बहुतेकांनी अर्जावर सही करून सहा महिन्यांची बंदी घेतली होती. सही न केलेला शैलजाव्यतिरिक्त एकच होता, चंद्रपूरचा प्रल्हाद मडावी. अडतीस वर्षांचा वेल्डर. चार वर्षांपूर्वी खेळायला शिकला, आणि गेल्या वर्षी त्याचा मेळ एकाएकी अठ्ठ्याऐंशीवर गेला. त्याला जन्माची बंदी झाली होती. सुनावणी चार मिनिटं चालली होती.

“त्याचे जुने डाव?”

“आहेत ते सगळे गेल्या चार वर्षांतले. त्याच्या आलेखाला मागची बाजूच नाही.”

पोहे थंड झाले. शैलजानं ते पुन्हा गरम केले, सनोबरला खायला लावले, पण स्वतः खाल्ले नाहीत.

* * *

सुनावणी पुण्याला मंडळाच्या कार्यालयात झाली. अध्यक्षस्थानी निवृत्त जिल्हा न्यायाधीश सुनंदा रणपिसे होत्या, साठी ओलांडलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या शेजारी मंडळाचे सचिव मोघे. नाईकवडी साक्षीला आले होते. सनोबरनं अहवाल मांडला आणि शेवटचं पानही वाचून दाखवलं, सहा तासांनी मत फिरल्याचं. मोघे ते पान उलटून लगेच पहिल्या पानाकडे वळले.

“आमच्या दृष्टीनं पस्तीस वर्षांपूर्वीचे डाव पुरेसे आहेत,” ते म्हणाले. मंडळाचीही सुटका झाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. “तेरदाळे मॅडम, अभिनंदन. इथं सही करा. किताब तुमचा.”

शैलजानं कागद वाचला. ‘प्रकाशचिपच्या फेरतपासणीनुसार खेळाडू निर्दोष आढळल्या.’ तिनं पेन घेतलं आणि पुन्हा खाली ठेवलं.

“यावर मी सही करणार नाही.”

नाईकवडींनी कपाळाला हात लावला. “ताई, सुटलात तुम्ही!”

“कुणी सोडलं?” ती वळून म्हणाली. “यंत्र म्हणालं चोर, तर तुम्ही माझ्या चपला कापल्या. यंत्र म्हणालं साव, तर तुम्ही पेढे आणायला निघालात. या सगळ्यात मला कुणी काही विचारलं? ही पोरगी सोडली तर एकानं तरी विचारलं, की बाई, हत्ती का दिलास? सहा तासांनी ते पुन्हा फिरलंय, ते पान तुम्ही उलटून टाकलंत. उद्या त्याहून वेगवान चिप आणाल, ती म्हणेल तेरदाळे चुकली होती. मग मी काय, पुन्हा निम्मी चोर?”

“नियमात दुसरा रकाना नाही,” मोघे म्हणाले.

“मग रकाना वाढवा.”

“मॅडम, सही नसेल तर निर्णय अमलात येत नाही. प्रकरण प्रलंबित राहील. किताब मिळणार नाही.”

“राहू दे.”

रणपिसेबाईंनी आता चष्मा काढला. “तेरदाळेबाई, तुमचं म्हणणं काय आहे? तुम्हाला नेमकं काय हवंय?”

“पट मांडा,” शैलजा म्हणाली. “मी काय विचार केला ते सांगते. ऐकून तुम्हाला मी खोटी वाटले, तर घाला बंदी.”

“मला बुद्धिबळ जेमतेम येतं.”

“माणसं येतात ना तुम्हाला? तीस वर्षं ऐकलीत.”

रणपिसेबाईंनी शिपायाला पट आणायला सांगितलं.

मग शैलजा बोलायला लागली. पहिल्या चालीपासून. कुठं तिला भीती वाटली, कुठं त्या पोराचा गुडघा टेबलाखाली हलायला लागला, कुठं तिला बाथरूमला जायचं होतं म्हणून तिनं घाईत प्यादं ढकललं. एकोणिसाव्या चालीला ती एका हल्ल्याला घाबरली होती जो प्रत्यक्षात नव्हताच. तिनं उंटाची वाट मोजण्यात चूक केली होती. सत्ताविसाव्या चालीला समोर सरळ वजीर मिळत होता तो तिला दिसलाच नाही, आणि हे तिला घरी गेल्यावर कळलं तेव्हा लाजेनं तिनं डाव मिटून ठेवला. “यंत्राशी न जुळलेल्या तीन चालींतली ती एक,” ती म्हणाली. “लहान पोरालासुद्धा दिसली असती.” तेविसाव्या चालीपाशी आल्यावर तिनं काळा घोडा उचलून रणपिसेबाईंच्या हातात दिला आणि म्हणाली, “आता तुम्ही काळ्याकडून बाहेर पडून दाखवा.” रणपिसेबाईंनी खरंच प्रयत्न केला. वीस मिनिटं त्या मोहरी इकडून तिकडे सरकवत राहिल्या आणि शेवटी स्वतःशीच हसल्या.

अडीच तास गेले. मोघे दोनदा बाहेर जाऊन आले.

रणपिसेबाईंनी छापील वाक्यावर काट मारली आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘खेळाडूचे म्हणणे पटावर ऐकले. ते मला खरे वाटले. निर्दोष.’ शैलजानं त्याखाली सही केली.

“हे मंडळाला मान्य होणार नाही,” मोघे म्हणाले. “वर्षाला तीन हजार डाव तपासतो आम्ही. प्रत्येकाला अडीच तास द्यायचे ठरवलं तर खेळायचं कधी?”

“सगळ्यांना कशाला? ज्याला जन्मभरासाठी बाहेर काढणार आहात, त्याला द्या,” शैलजा म्हणाली.

मोघे म्हणाले होते तसंच झालं. मंडळानं तो हस्तलिखित निर्णय नियमबाह्य ठरवला. त्या वर्षीच्या विजेत्यांच्या यादीत तिच्या नावाऐवजी ‘रिक्त’ असं छापलं. खात्याला पत्र गेलं नाही, नोकरी राहिली, पण करंडक आला नाही. सनोबरचं पारखचं काम काढून घेण्यात आलं. आगारात मात्र एका सकाळी शैलजा आली तर केबिनची काच कुणीतरी स्वच्छ पुसून ठेवलेली होती. कुणी ते तिनं विचारलं नाही. तिनं मंडळाला पत्र लिहिलं, मग दुसरं, मग विसावं. किताबाबद्दल एका ओळीतही काही नव्हतं. प्रत्येक पत्रात एकच मागणी होती, मडावीला पट मांडून द्या. वर्तमानपत्रांत थोडं आलं, बंदी भोगलेल्या अकरा जणांनी सह्या केल्या, आणि सात महिन्यांनी रणपिसेबाईंच्या हट्टामुळे मंडळानं एक फेरसुनावणी मान्य केली. फक्त एक. ती फसली तर हा विषय कायमचा बंद, असं मोघ्यांनी लेखी कळवलं.

प्रल्हाद मडावी चंद्रपूरहून रात्रभर प्रवास करून आला होता. रुंद खांद्यांचा, अबोल माणूस. हातांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग. तो शैलजाच्या पाया पडायला वाकला तेव्हा तिनं त्याला मध्येच धरलं.

“तिथं काय सांगू, बाई?” त्यानं विचारलं. “मला तुमच्यासारखं बोलता येत नाही.”

“जे झालं ते सांग. चुकलास तेही सांग.”

तो आत जायला वळल्यावर सनोबर हळूच म्हणाली, “मावशी, तो खरंच निर्दोष आहे का?”

“मला माहीत नाही.”

“आणि नसला तर? तुम्ही सगळं पणाला लावलंय. तुमच्या शब्दाला पुन्हा कुणी विचारणार नाही.”

“तो चोर निघाला तरी चार मिनिटांत निघालेला नको,” शैलजा म्हणाली. “चल आत.”

पट मांडलेला होता. मोघ्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. रणपिसेबाईंनी कागद बघून मोहरी लावली; त्याच्या डावातली एकतिसावी चाल, जिच्यावर त्याची बंदी उभी होती. त्यानं स्वतःचा वजीर समोरच्याच्या तोंडात दिला होता आणि नऊ चालींनंतर डाव जिंकला होता.

“मडावी, हा वजीर तुम्ही का दिलात?”

प्रल्हादनं वजीर उचलला. बोटांत फिरवला. परत ठेवला. तोंड उघडलं आणि मिटलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. मोघे घड्याळाकडे बघून खाकरले आणि काही बोलणार तोच शैलजा मागच्या खुर्चीवरून उभी राहिली.

“कुणी बोलायचं नाही,” ती म्हणाली. “त्याला विचार करू द्या.”

पाच मिनिटं झाली. प्रल्हाद पटाकडे बघतच होता. त्याचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. शैलजा उभीच राहिली. या खोलीतल्या कुणालाही, खुद्द तिलाही, सांगता येत नव्हतं: हा माणूस खरं सांगायला शब्द शोधतोय, की खोटं रचायला? आणि ते कळेपर्यंत थांबायची तयारी इथं आणखी किती जणांची होती?